स्वरांचं विरजण

नकाशा पुढ्यात घ्या. कंपासचं टोक जयसिंगपूरच्या रेल्वे स्टेशनावर रोवा आणि सरळ रेषेत पंधरा किलोमीटर धरून एक वर्तुळ काढा. आता त्या वर्तुळात काय काय सापडलं ते बघा. वरच्या बाजूला सांगली. तिथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं आणि मराठी रंगभूमीचा नारळ फुटला. पूर्वेला मिरज. तिथले तंबोरे आणि सतारी देशभरातले गवई-वादक डोळे झाकून घेतात. नैर्ऋत्येला इचलकरंजी. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा याच गावाच्या नावानं ओळखले गेले. आणि दक्षिणेला, नृसिंहवाडीच्या पलीकडे, कुरुंदवाड. तिथं १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरी विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले.

एवढ्याशा वर्तुळात एवढं सगळं! आणि मधोमध असलेलं जयसिंगपूर या सगळ्यांत वयानं लहान. शाहू महाराजांनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं आखून-रेखून वसवलेलं गाव. इथं गल्ल्यांना आकडे आहेत. पत्ता विचारला की उत्तर येतं, “सातवी गल्ली, डाव्या हाताला.” बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते ऊस परिषदेमुळे. पण संध्याकाळी यातल्या एखाद्या गल्लीतून, किंवा सांगली-मिरजेच्या एखाद्या बोळातून चालत गेलात, तर पेटीचा आवाज हमखास कानावर पडेल. त्यामागून दहा-बारा पोरांचा कोरस. आत डोकावलं तर शिकवणारी व्यक्ती पांढऱ्या केसांची असेलच असं नाही. पुष्कळदा ती असते अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी, स्वतः अजून मध्यमा किंवा विशारदच्या परीक्षेची तयारी करणारी. पोरं तिला ताई म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत बसवायलाही हीच ताई जाते.

आता जरा थांबून विचार करा. जिचं स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर आहे, ती दुसऱ्याला शिकवते कशी? आणि गाणं! जे म्हणे बारा-बारा वर्षं गुरूच्या पायाशी बसल्याशिवाय येत नाही, ते चाळीस पोरांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात, घंटा वाजायच्या आत?

हा चमत्कार घडला कसा हे कळायला आधी तो नव्हता तेव्हाचं जग बघावं लागतं. बाळकृष्णबुवांना ख्याल शिकायचा होता, तर त्यांना घरदार सोडून पार ग्वाल्हेर गाठावं लागलं. तिथं वासुदेवबुवा जोशी भेटले म्हणून विद्या मिळाली. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूंच्या मनात आलं की गाणं ऐकायचं. पुस्तक नाही, अभ्यासक्रम नाही, आज काय शिकवणार हे गुरूंनाही माहीत नाही. विद्या एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरायची आणि मधला एखादा गळा कायमचा बंद झाला की संपायची.

अशा काळात कुरुंदवाडच्या लहान विष्णूच्या डोळ्यांना फटाक्यानं इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळेचा मार्ग खुंटला. मग गाणं शिकायला त्याची रवानगी झाली मिरजेला, बाळकृष्णबुवांकडे, संस्थानिकांच्या आश्रयानं. वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीनं तालीम घेऊन १८९६ मध्ये हा तरुण बाहेर पडला, देशभर हिंडला, आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरात त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. कुठं कृष्णाकाठ, कुठं रावीकाठ! राजाचा आश्रय नाही. लोकवर्गणी, फी आणि स्वतःच्या मैफलींची कमाई यांवर चालणारी गाण्याची शाळा. तास, घंटा, इयत्ता, परीक्षा, छापील क्रमिक पुस्तकं. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही, हेच त्या माणसाचं यश. त्या काळच्या उस्तादांच्या कानाला मात्र ‘गाण्याची तिसरी इयत्ता’ हा शब्दप्रयोग किती विचित्र लागला असेल, कल्पना करा.

शाळा काढणारे तेच पहिले नव्हते. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्येच संगीतशाळा सुरू केली होती. पलुस्करांची खरी करामत वेगळीच होती, तिला त्यांनी नाव दिलं होतं उपदेशक वर्ग. निवडक मुलं घ्यायची, त्यांच्याशी नऊ वर्षांचा करार करायचा, जेवणखाण-राहणं विद्यालयाकडे, फी माफ. बदल्यात काय? त्यांनी गवई होण्याच्या आधी शिक्षक व्हायचं. वरच्या वर्गातल्यानं खालच्या वर्गाला शिकवायचं, आणि तयार झालं की गावोगावी पांगायचं.

घरात दही कसं लागतं? चमचाभर विरजण पातेलंभर दुधात घालायचं. सकाळी त्या पातेल्यातलं चमचाभर बाजूला काढायचं, ते उद्याचं विरजण. पलुस्करांनी हेच केलं. हिशेब करून बघा: एकानं दहा जणांना तयार केलं, त्या दहांनी प्रत्येकी दहा, तर चौथ्या पिढीला दहा हजार. जुन्या पद्धतीत गुरूला आयुष्यभरात दोन-तीन शिष्य लाभले तरी तो भाग्यवान समजला जायचा.

पण दूध-दह्याचं ठीक आहे हो, गाणं असं चमच्यानं काढून देता येतं?

त्यासाठी आधी ते कागदावर यावं लागतं. आणि इथं इतिहासानं काय खोडी केली आहे बघा. ज्याला नीट दिसत नव्हतं, त्या माणसानं गाणं डोळ्यांना दिसेल अशी लिपी बनवली. कोमल स्वराला पाय मोडायचा, अर्ध्या मात्रेला वर्तुळ, पाव मात्रेला चंद्रकोर. ‘संगीत बालप्रकाश’सारखी मुलांसाठीची पुस्तकं त्यांनी काढली, ‘राग प्रवेश’ची मालिका काढली. ‘व्यायाम के साथ संगीत’ असंही एक पुस्तक आहे त्यांचं! ही सगळी छपाई आपल्या हातात असावी म्हणून विद्यालयाचा स्वतःचा छापखानाही होता.

त्याच सुमारास मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे आपली वेगळी लिपी घडवत होते. दोघेही विष्णू, दोघांचं ध्येय एकच, आणि खुणा मात्र नेमक्या उलट्या. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार सप्तकातला, म्हणजे वरचा. पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब त्याच जागी दिलं की स्वर मंद्रातला, म्हणजे खालचा. एका पुस्तकात शिकलेल्या पोराच्या हाती दुसरं पुस्तक दिलं तर ते आभाळात जायचं तिथं पाताळात जाईल.

बरं, कागद झाला. आता वर्गात येऊ. कारण खरी जादू कागदावर नाही, पोरांच्या डोक्यात आणि गळ्यात आहे, आणि अर्धवट शिकलेल्या ताईला ती आयती मिळते.

ताई पेटीवर बोट ठेवते आणि म्हणते, “सा रे ग.” पोरं म्हणतात, “सा रे ग.” ताई: “रे ग म.” पोरं: “रे ग म.” ताई: “ग म प.” पोरं: “ग म प.” आणि ताई गप्प बसते. एक क्षण शांतता. मग मागच्या ओळीतलं एखादं पोर, न सांगता, “म प ध!” बाकीचे त्याच्यामागे धावतात: “प ध नि! ध नि सां!” वरच्या सा पाशी पोचल्यावर वर्ग घुटमळतो, आणि कुणीतरी गाडी वळवतं: “सां नि ध, नि ध प...”

यात काय झालं पाहिलंत? शिकवले तीन तुकडे, पोरांनी त्यातून नियम काढला, नियम पुढे चालवला आणि वर उलटाही केला. गणिताच्या तासाला याच पोरांना क्रमिका पूर्ण करा म्हटलं तर निम्मी खिडकीबाहेर बघतील.

आणि याच्याही पोटात आणखी एक आश्चर्य आहे. ‘सा रे ग’ आणि ‘रे ग म’ हे ऐकायला जुळे भाऊ वाटतात, पण ते सारखे नाहीत. सा ते रे, रे ते ग ही अंतरं पूर्ण; ग ते म मात्र अर्धंच. म्हणजे नमुना एक पायरी वर सरकवताना गळ्याला दुसरं पाऊल निम्मं टाकावं लागतं. हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. ताईनं सांगायचा प्रयत्न केला असता तर सगळा घोळ झाला असता. पण कानात सप्तकाची शिडी बसलेली असते आणि गळा बरोब्बर त्या-त्या पायरीवर पाय ठेवतो. एवढंसं पोर, दोन-अडीच सेकंदांत!

आपल्या जुन्या लोकांना या खेळाची ताकद पुरेपूर माहीत होती. चार स्वर घेतले तर त्यांचे चोवीस क्रम होतात. सातही घेतले तर पाच हजार चाळीस. एका क्रमाला पाच सेकंद धरले तरी सलग सात तास गात बसावं लागेल. याला मेरुखंड म्हणतात आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या घासलेले गवई होऊन गेले. पण त्याचं पहिलं टोक, पलटे, सात वर्षांच्या मुलाच्या हातात देता येतं. ते द्यायला स्वतः मेरुखंड चढून आलेलं असायची गरज नाही. पोरांच्या चार पायऱ्या पुढे असलं की भागतं.

समजा ताईच्या जागी दादा आहे, विशीतला, आवाज फुटून भारदस्त झालेला. पोरांसाठी तो काळी चारचा सूर धरतो. मुलांचा सा तिथं सेकंदाला साधारण २०८ कंपनांचा. दादाला तेवढं वरचं गात राहणं झेपत नाही, म्हणून तो गातो निम्म्यावर, १०४ च्या आसपास. दोन्ही आकड्यांत केवढी तफावत! तरी वर्गातली बहुतेक पोरं दादाची नक्कल करताना खालच्या आवाजात घोगरं गात नाहीत. ती थेट वरच्या सप्तकात गातात आणि वर्गातल्या कुणालाच काही खटकत नाही. दोन्ही ‘सा’च वाटतात. असं का? कारण १०४ चा सूर लावला की त्याच्या पोटात २०८ चाही सूर वाजत असतो, आणि ३१२ चा, आणि ४१६ चा. एकही सूर एकटा नसतो, कुटुंबकबिल्यासह येतो. मुलांचा कान त्या कुटुंबातल्या आपल्या उंचीच्या माणसाला ओळखतो आणि त्याचा हात धरतो.

हे कुटुंब कानांनी ऐकायचं असेल तर मिरजेचा तंबोरा घ्या. चार तारा: एक पंचमाची, तीन षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, त्यातली शेवटची खर्जाची. गंधाराची, म्हणजे ‘ग’ची तार नाहीच. तरीही तंबोरा नीट जुळला, घोडीवर तारेखाली दोऱ्याची जिव्हाळी जागच्या जागी बसली आणि जवारी खुलली, की खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो. कुणी न छेडलेला, कुणी न लावलेला! जुन्यांनी त्याला स्वयंभू गंधार म्हटलं. खर्जाच्या कंपनांच्या पाचपट कंपनांचा तो सूर तारेतच दडलेला असतो. घोडीचा माथा जरासा गोलसर घासलेला असतो, तिथं तार घासत-घासत कंप पावते आणि वरचे सूर उजळून निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही कारागिरी मिरजेत रुजवली ती शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी. तलवारींची मागणी घटली आणि त्याच हातांनी पंढरपूरकडचे भोपळे घेऊन तंबोरे घडवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे वर्गात शिक्षक दोन असतात. एक ताई, दुसरा तंबोरा. ताईचा सूर इकडेतिकडे झाला तरी मागे तंबोरा अढळ उभा असतो. आता बहुतेक वर्गांत मोबाइलमधला तंबोरा लावतात. सोयीचा आहे, कबूल. पण त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचं शरीर येत नाही. महिन्यातून एकदा तरी खरा तंबोरा पोरांच्या कानाशी धरावा, असं माझं आग्रहाचं मत आहे.

मग मोबाइलच का नको शिकवायला? ताल चुकत नाही त्याचा, सूर चुकत नाही, चिडत नाही. याचं सुंदर उत्तर जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतून २००९ मध्ये आलं. किर्शनर आणि तोमासेल्लो या संशोधकांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांपुढे ढोल ठेवले. साथीला कधी समोर बसलेला माणूस, कधी आपोआप ढोल बडवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकरमधला आवाज. ठेका तोच. मुलं सर्वांत चांगली जुळली ती माणसाबरोबर. अडीच वर्षांची चिमुरडीसुद्धा माणूस समोर असला की आपली नैसर्गिक गती सोडून त्याच्या गतीला येऊन मिळाली. यंत्रासाठी त्यांनी ती तसदी घेतली नाही. ठेका पकडायला कान पुरत नाही, कुणासोबत तरी वाजवावंसं वाटावं लागतं! आणि पाचवीतल्या पोराला कुणासोबत वाजवावंसं वाटेल: पन्नाशीच्या बुवांसोबत की कॉलेजातल्या दादासोबत?

तबल्याचा दादा तर आणखी एक युक्ती करतो. तबला समोर असूनही पोरांना हात लावू देत नाही. आधी बोलायचं: “धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.” हाताची प्रत्येक चाल एका अक्षरात बांधलेली. चाळीस पोरांच्या वर्गात तबल्याची जोडी एकच असली तरी चाळीस तोंडं एकाच वेळी तबला वाजवतात. तेराव्या मात्रेवरचा शेवटचा ‘ता’ सोडून चौदाव्याला ‘धिं’ परत भरदार होतो, हे जिभेला आधी कळतं, बोटांना नंतर.

शिकणाऱ्यानं शिकवायचं हे पलुस्करांनीच शोधून काढलं, असं मात्र नाही. सोळाव्या शतकापासून इटलीतल्या नेपल्स शहरात अनाथ मुलांचे चार आश्रम होते. मुलांना पोटापाण्याचं काही यावं म्हणून तिथं गाणं-वाजवणं शिकवत, आणि थोरली मुलं धाकट्यांना शिकवत. मुलं शहरातल्या मिरवणुकांत, अंत्ययात्रांत गाऊन आश्रमाला पैसे मिळवून देत. पुढे युरोपभर ज्या नामांकित संगीतशाळा झाल्या त्यांचं मूळ या अनाथाश्रमांत आहे. १७७० मध्ये चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीतज्ञ त्यातला सांत ओनोफ्रिओ आश्रम बघायला गेला. जिन्यात एक पोरगा कर्णा फुंकत होता, दुसरा शिंग. वर एका खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं आणि कितीतरी गळे, प्रत्येकाचा सूर वेगळा, प्रत्येकाची रचना वेगळी, सगळं एकाच वेळी! बसायला जागा म्हणजे त्यांच्याच खाटा. बर्नी चक्रावून गेला. मला वाटतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला आपल्याकडचा कुठलाही गायनवर्ग बघितला असता तर त्याला ओळखीचं काहीतरी दिसलं असतं.

परत पलुस्करांकडे. विरजण कुठवर गेलं? ओंकारनाथ ठाकूर विशीच्या उंबरठ्यावर असताना लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. गांधीजींनी आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा पलुस्करांनी नारायण मोरेश्वर खरे यांना साबरमतीला धाडलं. आश्रमातल्या मुलांबाळांना प्रार्थना आणि भजनं त्यांनीच शिकवली, आणि १९३० मध्ये दांडीला पायी गेलेल्या तुकडीतही ते होते. मिरजेचे विनायकराव पटवर्धन पुण्यात, मिरजेचेच बा. र. देवधर मुंबईत, कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास बंधू. आमच्या या वर्तुळातली आणि त्याच्या आसपासची पोरं बघता बघता देशाच्या संगीतशिक्षणाची धुरा वाहू लागली.

गंमत म्हणजे स्वतः पलुस्करांची संस्था कर्जात बुडाली. मुंबईतली मोठी इमारत १९२४ च्या सुमारास लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत ते वारले. इमारतीवर अवलंबून असलेलं काम असतं तर तिथंच संपलं असतं. पण त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी त्या मंडळानं खेड्यापाड्यांपर्यंत नेली.

टीकाही कमी झालेली नाही. वर्गात शिकून गवई होत नाही, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे गातात, विशारद झालेल्यांना धड अर्धा तास राग मांडता येत नाही. यातलं बरंचसं खरं आहे. पलुस्करांच्या परंपरेतले लोकही तानसेन घडवण्याचा दावा करत नव्हते. कानसेन घडले तरी पुरे, ही त्यांची भूमिका. पण त्या कानसेनांनीच तर पुढची शंभर वर्षं मैफलींची तिकिटं काढली, रेडिओ लावला आणि आपल्या पोरांना संध्याकाळी ‘सा’ लावायला धाडलं.

एक गोष्ट पलुस्करांना कदाचित रुचली नसती. त्यांच्याच विद्यालयाच्या नावानं होणाऱ्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांच्या वहीत आज बहुधा भातखंड्यांची लिपी असते. ती सुटसुटीत आहे, म्हणून जिंकली. पलुस्करी खुणा वरच्या परीक्षांच्या लेखी पेपरापुरत्या पाठ होतात, आणि डोक्यावरच्या टिंबाचा घोळ तिथं अजून दरवर्षी कुणाचे तरी मार्क खातो.

परीक्षेचा दिवस मात्र एकदा तरी बघावा. शाळेच्या एका खोलीत परीक्षक, पेटी, तबला. बाहेर व्हरांड्यात तेल लावून भांग पाडलेली पोरं. ताई सकाळभर प्रारंभिकच्या मुलांना धीर देत असते, कुणाला पाणी, कुणाला भूपाचा आरोह. दुपारी मध्यमाच्या यादीत तिचं स्वतःचं नाव पुकारलं जातं. ती आत जाते, आणि सकाळी जी तिच्या ओढणीला लोंबकळत होती त्यातली दोन-चार आगाऊ पोरं खिडकीला नाक लावून ऐकत राहतात, ताईची तान कुठं चुकली ते एकमेकांना सांगत.